हौदाच्या मळ्यातली खूण

दार शालननं उघडलं.

"पोलिओचा डोस द्यायला आलोय, घरात पाच वर्षांच्या आतलं कोण आहे का?" हे वाक्य दिवसभरात शंभरदा म्हणून माझ्या जिभेला पाठ झालेलं, तरी ते अर्ध्यावरच अडकलं. तिनं मला पाहिलं, मी तिला पाहिलं. दीड वर्ष होऊन गेलं होतं. तिचे कपाळावरचे केस पांढरे झाले होते. दार लोटायला तिनं हात पुढं केला, पण लोटलं नाही. तिच्या मागं, खोलीच्या कोपऱ्यात, चटईवर पुस्तक घेऊन तो बसला होता. उंच झाला होता. ओठांवर मिसरूड फुटायला लागलं होतं.

"पाच वर्षांच्या आतलं कुणी नाही," शालन म्हणाली. "तुला माहीतच आहे."

मला माहीत होतं. शालनला एकच मुलगा, प्रज्वल, आणि तो तेव्हा साडेपंधरा वर्षांचा होता. तो जन्मला तेव्हा दवाखान्यात तिच्या उशाशी मी बसले होते.

माझं नाव मालन. इचलकरंजीत मी सहा वर्षं आशा म्हणून काम केलं. गरोदर बायांच्या नोंदी, लसी, औषधं, आणि वर्षातून दोनतीनदा पोलिओची फेरी. आधी आम्ही आनंदा चाळीत राहायचो, शालनच्या खोलीला लागून. मी आशाचं काम धरायच्या आधी दोघी एकाच यंत्रमागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायचो. डबा एक, चहा एक. पुढं मी वस्तीत फिरायला लागले, तेव्हा माझी पोरगी शाळेतून आली की शालनच्या घरी थांबायची. तिचं खरं नाव मी सांगणार नाही, इथं चिमी म्हणते. ती नऊ वर्षांची होती आणि प्रज्वल चौदाचा.

काय झालं तेही मी सांगणार नाही. एका दिवसात झालं नाही, चार महिने चाललं, आणि चार महिने मी रोज संध्याकाळी शालनच्या दारातून पोरगी घेऊन येताना तिला वर "बरं बाई तू आहेस" म्हणत होते, एवढं सांगते. कळलं त्या दिवशी मी आधी पोलिसांत गेले नाही. आधी शालनकडं गेले. वाटलं, ती माझ्यासारखीच हादरेल, पोराला धरून बडवेल, माझ्या गळ्यात पडेल. ती पोळ्या लाटत होती. लाटणं खाली न ठेवता म्हणाली, "अगं, पोरं आहेत. खेळता खेळता झालं असेल. तू उगाच डोक्यात घेऊ नकोस."

मग मी पोलिसांत गेले.

प्रज्वलला निरीक्षणगृहात पाच महिने ठेवलं. मग बाल न्याय मंडळानं अटी घालून घरी सोडलं. आमच्या भागात पाऊल टाकायचं नाही, लहान मुलांबरोबर एकटं राहायचं नाही, आणि दर शनिवारी 'सोबत केंद्रा'त जायचं. हे केंद्र तेव्हा नवीनच निघालं होतं, नगरपालिकेच्या वाचनालयाच्या माडीवर. ज्यांच्या हातून असलं काही घडलंय, किंवा आपल्या हातून घडेल अशी ज्यांना स्वतःलाच भीती वाटते, किंवा ज्यांच्या आयांना वाटते, अशी बारा ते अठराची मुलं तिथं जायची. बसायची, बोलायची. मनात वाईट आलं तर कुणाला फोन करायचा, कुठल्या घरात एकटं थांबायचं नाही, हे कागदावर लिहून घ्यायची. वस्तीतला एक जबाबदार माणूस त्या मुलाचा सोबती म्हणून नेमायचे आणि तो आठवडाभर लक्ष ठेवायचा. केंद्र चालवणाऱ्या नलावडे मॅडमनी आम्हा सगळ्या आशांना बोलावून हे सांगितलं आणि आयांना द्यायला पत्रकं दिली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझी पोरगी झोपेत दचकून उठते, शाळेच्या मुताऱ्यांत एकटी जात नाही, आणि त्याला शिक्षा काय, तर शनिवारी दुपारी माडीवर बसून गप्पा मारायच्या. मी पत्रकं घेतली आणि पिशवीच्या तळाशी कोंबली.

त्यातलं एकच बाहेर काढलं, ते वैजंतासाठी. हौदाचा मळा म्हणून कामगारांची वस्ती आहे, तिथली नेहमीची आशा बाळंतपणाला माहेरी गेली, म्हणून तो भाग माझ्याकडं आला होता. वैजंता त्या मळ्यातली, सुताला खळ देतात त्या सायझिंगमध्ये कामाला, नवरा ट्रकवर. एकदा मी रक्तवाढीच्या गोळ्या द्यायला गेले तर मला आत ओढून तिनं दाराला कडी लावली आणि रडायलाच लागली. तिचा तेरा वर्षांचा मुलगा आपणहून तिला म्हणाला होता की आई, मला कुठंतरी दाखव, माझ्या डोक्यात घाण येते. मोबाइलवर कायबाय बघून झालं होतं. शेजारच्याच खोलीत तिची जाऊ दीपा, आणि दीपाची मुलगी सहा वर्षांची. पोरगं त्या लहानगीकडं बघून घाबरत होतं म्हणे. तिला बघितलं की उठून बाहेर जायचं.

मी वैजंताला पत्रक दिलं. त्या पोराची मला कीव आली नव्हती, खोटं कशाला बोलू. मला ती सहा वर्षांची मुलगी दिसत होती. वैजंता त्याला घेऊन जायला लागली. सहा शनिवार न चुकता गेली. एकदा मला नळावर भेटली तर हळूच म्हणाली, ताई, रात्री झोपतो आता.

आणि पोलिओच्या त्या फेरीत त्याच मळ्यात शेवटच्या ओळीत शालनचं दार निघालं. महिन्याभरापूर्वी खोली घेतली होती.

माझ्याबरोबर सरूबाई होती, अंगणवाडीची मदतनीस. गळ्यात लसीची निळी पेटी आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. घरटी पाहणी झाली की दाराशेजारच्या भिंतीवर खडूनं खूण काढायची असते. घर क्रमांक, तारीख, पुढच्या घराकडं बाण, आणि सगळ्या लेकरांना डोस झाला असेल किंवा घरात लेकरूच नसेल तर 'पी'. डोस राहिला असेल तर फुली. मळ्यातल्या बायकांना या खुणा आमच्याइतक्याच पाठ होत्या. फुली दिसली की शेजारीण आत जाऊन विचारायची, का गं, पोराला डोस का नाही दिलास?

मी शालनच्या दाराशेजारी 'पी' काढला आणि दोन पावलं पुढं गेले. आतून प्रज्वलचा आवाज आला, "आई, कोण होतं?" अगदी साध्या पोरासारखा आवाज. शालन त्याला म्हणाली, "कुणी नाही रे, तू वाच."

कुणी नाही. मी परत फिरले. 'पी'च्या खाली चांगला वाटीएवढा गोल काढला आणि त्यात फुली मारली. दाबून मारली, खडू भिंतीवर करकरला.

सरूबाई बघतच राहिली. "हे काय गं नवीन?"

"वरून आलंय," मी म्हणाले. "ज्यांच्या घरात लहान मुली आहेत त्यांनी त्यांना या दारात पाठवू नये, एवढंच. मला जास्त विचारू नकोस. नाव घ्यायला बंदी आहे."

तेवढं पुरे होतं. सरूबाईच्या पोटात काही राहत नाही हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच सांगितलं. असल्या मुलाचं नाव कुठं फोडायचं नाही, तो गुन्हा आहे, हे आम्हाला बैठकीत दोनदा बजावलेलं. मी नाव कुठं फोडलं होतं? मी फक्त खडू चालवला होता, आणि त्या संध्याकाळी दीड वर्षात पहिल्यांदा मी पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी फेरी पुढं चालू. नळावर बायका मला गाठायच्या, ताई, ती गोल-फुली कसली हो? मी तेच सांगायची. वरून आलंय. एकीनं विचारलं, म्हणजे शनिवारी वाचनालयाच्या माडीवर पोरं जातात त्यातलं का? मी हो म्हणाले नाही, नाही म्हणाले नाही. पिशवी खांद्यावर सारखी केली आणि पुढच्या घराकडं निघाले. त्या न बोलण्यातून काय होणार आहे ते मला तेव्हा कळलं नाही. मला शालनच्या दारापलीकडचं काही दिसतच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पहिली पाळी सुटायच्या वेळी लोकांनी प्रज्वलला धरलं. मळ्याच्या मधोमध जुना हौद आहे, त्याच्या कट्ट्यावर आणून उभा केला. वीस-पंचवीस माणसं, अंगाखांद्यावर सुताचे कण, तशीच कारखान्यातून आलेली. मी समोर किराणा दुकानाच्या पायरीवर उभी होते. काय केलंस ते सगळ्यांसमोर सांग, असं लोक त्याला म्हणत होते. तो सांगेना. कोण पोरगी होती ते बोल म्हणाले. तो तेही सांगेना. मग कंबरेचे पट्टे निघाले. एकानं कात्री आणून त्याचे केस वेडेवाकडे कापले. कानातून रक्त आलं. त्याचा सोबती म्हणून नेमलेला, माग दुरुस्त करणारा एक म्हातारा जॉबर मधे पडला, हातापाया पडला, त्यालाही दोन बसल्या.

मारता मारता त्याची मान माझ्याकडं वळली आणि त्यानं मला ओळखलं. मी नजर काढली नाही. माझ्या मनात होतं, बघ, बघून घे, चार महिने माझं लेकरू असंच कुणीतरी येईल म्हणून दाराकडं बघत होतं. तो काही बोलला नाही. एका बोटानं माझ्याकडं दाखवलं असतं, हिचीच पोरगी म्हणाला असता, तर सगळा मळा माझ्याकडं वळला असता. त्यानं तोंड उघडलं नाही. हे मला पुढं कित्येक वर्षं आठवायचं नव्हतं आणि तेच आठवत राहिलं.

तेव्हा मात्र जिवाला थंडावा मिळाला. साफ सांगते.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला शालन टेम्पोत सामान भरत होती. गादी, स्टोव्ह, दोन पत्र्याच्या पेट्या. प्रज्वल पुढं ड्रायव्हरशेजारी डोक्याला टॉवेल गुंडाळून बसला होता. कारखानदारानं तिला कामावरून काढलं होतं आणि घरमालकानं दुपारपर्यंतची मुदत दिली होती. मला बघून ती रस्ता ओलांडून आली. वाटलं शिव्या देईल. तयारीतच होते.

"मालन, तो सुधारत होता गं," ती म्हणाली. "एक शनिवार चुकवला नाही त्यानं. तुझ्या पोरीला पत्र लिहून ठेवलंय त्यानं, मॅडमकडं आहे. ती मोठी झाली आणि तिला वाटलं तर द्यायचं म्हणून. मी तुला तेव्हा जे बोलले ते मला बोलायचं नव्हतं. माझं डोकंच चालेना झालं होतं. पण हे तू काय केलंस?"

या वाक्याची मी दीड वर्ष वाट बघत होते. किती वेळा घोकलं होतं मनात, भांडी घासताना, फेऱ्या मारताना.

"काय केलं?" मी म्हणाले. "माणसं आहेत. खेळता खेळता झालं असेल. तू उगाच डोक्यात घेऊ नकोस."

ती तशीच वळली, टेम्पोत मागं सामानावर जाऊन बसली, आणि ते गाव सोडून गेले. कुठं गेले ते मी कधी विचारलं नाही.

घरी आल्यावर मी चिमीला जवळ घेतलं. वाटलं, तिला सांगावं, तिच्या मनावरचं ओझं उतरेल. म्हणाले, त्याला लोकांनी चांगलं बदडलं, गावातून हाकललं, आता तो कधी दिसणार नाही. ती माझ्या कुशीतून बाजूला झाली. अकराव्या वर्षात होती, पण दीड वर्षात जरा म्हातारीच झाली होती.

"लोकांनी? म्हणजे लोकांना कळलं?" तिनं विचारलं. "माझं पण कळलं?"

नाही गं, मी म्हणाले, तुझं कुणालाच नाही. तिनं दोनदा विचारलं, देवाशपथ सांग म्हणाली. मी देवाशपथ सांगितलं. पुढचे आठ दिवस ती शाळेत गेली नाही. मी ठरवलं की ताप आहे म्हणून जात नाही.

त्या आठवड्यात मळ्यात आणखी चार दारांवर गोल-फुली उमटली. ती मी काढली नव्हती. कुणाचं कुणाशी वाकडं होतं त्यांनी काढली, पोरांनी गंमत म्हणून काढली. पण सगळ्या मळ्यानं एक गोष्ट धरली. केंद्रात जाणाऱ्या पोरांची यादी आहे, ती नगरपालिकेत जाते, आणि आशा येऊन दारावर खूण काढून जाते. मीच म्हणाले होते ना, वरून आलंय. आमच्या सगळ्या खुणा वरूनच येतात, त्यामुळं कुणाला शंका घ्यायचं कारण नव्हतं. माझा राग एका दारावर होता, आणि लोकांनी तो सरकारी हुकूम म्हणून वाचला.

पुढच्या सोमवारी नलावडे मॅडम माझ्या घरी आल्या. बाई सरळ बोलणारी. चहा नको म्हणाल्या.

"मालनताई, ती पहिली खूण तुम्ही काढली का?"

मी कानावर हात ठेवले. मला काय माहीत, सरूबाईला विचारा, पोरांचे उद्योग असतील.

त्यांनी माझं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, हौदाच्या मळ्यातून सात मुलं येत होती. या शनिवारी एकही आलं नाही. मी घरोघर गेले तर आया दार उघडत नाहीत. त्यातलं एक मूल असं आहे की त्यानं अजून काहीही केलेलं नाही. करू नये म्हणून येत होतं. त्याचं येणं थांबणं फार वाईट. माझ्यावर त्यांचा विश्वास उरला नाही. जिनं खूण काढली तिनं जाऊन सांगितलं की हे केंद्राचं काम नव्हतं, माझं होतं, तरच ती आई ऐकेल.

त्यांनी वैजंताचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती.

"माझ्या पोरीच्या वेळी कुठं होतं हो तुमचं केंद्र?" मी म्हणाले.

"नव्हतं," मॅडम म्हणाल्या. "असतं तर प्रज्वलला कुणीतरी तेव्हाच आणलं असतं. ज्या घरांत असं झालं त्या घरांकडं बघूनच काढलंय ते."

त्या उठल्या. जाताना एवढंच म्हणाल्या की तुमच्याविरुद्ध मी तक्रार करणार नाही, तुम्ही काय सोसलंय ते मला माहीत आहे, पण त्या आईकडं जा. मी दार लावून घेतलं. मनात म्हणाले, जळू दे यांची कीव. पोरांच्या आया, पोरांच्या मॅडम, पोरांचे सोबती. माझ्या चिमीचा सोबती कोण?

गेले नाही. गेले असते तर मला वैजंतासमोर माझ्या तोंडानं कबूल करावं लागलं असतं, आणि उद्या ते मळाभर झालं असतं, काम गेलं असतं, वर गुन्हा. आणि खरं सांगायचं तर मला पश्चात्तापच झाला नव्हता. ज्याचा पश्चात्ताप नाही ते कबूल करायला पाय कसे उचलणार?

एकदा वैजंता नळावर समोर आली. मी विचारलं, शनिवारी जाता ना? तिनं इकडंतिकडं पाहिलं. "आमच्या घरात तसलं काही नाही ताई," ती म्हणाली. "बरा आहे आता तो." तिनं घागर उचलली. बरा नाही, हे तिच्या डोळ्यांत लिहिलेलं होतं. आत्ता बोल, असं एकदा माझ्या मनात आलं. नळावर सात-आठ बायका होत्या. मी म्हणाले, "बरं." आणि माझी कळशी नळाखाली लावली.

महिन्याभरानं नेहमीची आशा परत आली आणि हौदाचा मळा माझ्याकडून गेला. सुटले, असं वाटलं.

दिवाळीची सुट्टी संपली त्या आठवड्यात मी आरोग्य केंद्रात नोंदवह्या भरत बसले होते. दुपारची वेळ, ओपीडी संपलेली. दीपा आली, वैजंताची जाऊ. सहा वर्षांची पोरगी तिनं कडेवर घेतली होती. एवढी मोठी मुलगी कुणी कडेवर घेत नाही. मी तिच्याकडं पाहिलं आणि हातातली नोंदवही मिटली. दीपाला काही सांगायची गरजच पडली नाही.

"ताई, तुमचंही असंच झालं होतं, वैजंता म्हणाली," ती म्हणाली. आवाज अगदी कोरडा होता. "कुठं जायचं, काय करायचं, तुम्हाला सगळं माहीत आहे म्हणे."

वैजंताला कुणी सांगितलं कुणास ठाऊक. सगळ्यांना सगळं कळत असतं. मी पोरीला मांडीवर घेतलं, पाणी पाजलं. डॉक्टर बाईंना फोन केला, नलावडे मॅडमना केला. दीपाला एकेक सांगितलं. पोरीला सारखं सारखं विचारू नकोस, डॉक्टर बाई विचारतील तेवढंच, तू तिचा हात धरून बस, आणि तिच्यासमोर रडू नकोस. हे सगळं मला पाठ होतं. पोरगी माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळत होती.

रिक्षाची वाट बघताना दीपा बोलायला लागली. वैजंतानं कबूल केलं होतं की तिला आधीपासून धास्ती होती. केंद्रात नेत होती, सहा वेळा नेलं, पोरगं सुधरायला लागलं होतं. मग बंद केलं.

"मी विचारलं, का बंद केलंस? तर म्हणते दारावर खुणा काढतात, पोराला ठेचतात." दीपानं माझ्याकडं पाहिलं. "कोण काढतं हो त्या खुणा?"

मॅडमना मी सरळ खोटं सांगितलं होतं. हिलाही सांगता आलं असतं. तोंडाशी आलंही होतं, मला काय माहीत, पोरांचे उद्योग. पण तिची मुलगी माझ्या मांडीवर होती.

"मी काढली," मी म्हणाले. "एकच. ज्यानं माझ्या पोरीचं वाटोळं केलं त्याच्या दारावर. बाकीच्या लोकांनी काढल्या. पण पहिली माझी होती."

तिला आधी कळलंच नाही. मग मी सगळं सांगितलं. वैजंताला पत्रक मीच दिलं होतं. का दिलं होतं तेही सांगितलं, तुझी मुलगी लहान आहे म्हणून. खूण निघाल्यावर वैजंता घाबरून थांबली हे मला माहीत होतं. तिला जाऊन खरं सांग म्हणून मॅडम माझ्या घरापर्यंत आल्या होत्या. मी गेले नाही. नळावर ती समोर उभी होती, तेव्हाही बोलले नाही.

रिक्षा येऊन उभी राहिली होती. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला.

"तुमची मुलगी केवढी होती?" दीपानं विचारलं.

"नऊ."

"माझी सहा आहे."

तिनं खाली वाकून पोरीच्या बोटाची दोरी सोडवली आणि तिला माझ्या मांडीवरून उचलून घेतलं. मीही उठले, बरोबर जायला. दीपानं हात आडवा केला. "तुम्ही नका येऊ," ती म्हणाली. आणि रिक्षात बसताना, माझ्याकडं न बघता, "मी तुम्हाला सोडणार नाही," असं म्हणाली.

तिनं नाही सोडलं. नगरपालिकेत अर्ज दिला, पोलिसांत दिला. मला बोलावलं तेव्हा मी जे झालं ते झालं तसं सांगितलं आणि खाली सही केली. काम गेलं. खटला चालला, निकालात दंड लागला. तेवढ्यानं दीपाचं समाधान झालं नाही. मी कुठं स्वयंपाकाचं काम धरलं की ती त्या घरी जाऊन सांगून यायची, मी कोण ते. तीन घरं सुटली माझी. आमचे हे म्हणायचे, जाऊन हात जोड, तीही आईच आहे, ऐकेल. नलावडे मॅडम म्हणाल्या, मी मध्यस्थी करते. मी दोघांनाही नको म्हणाले.

वैजंताचा मुलगा निरीक्षणगृहातून आल्यावर पुन्हा केंद्रात जायला लागला. मळ्यातल्या बाकीच्या आयाही हळूहळू यायला लागल्या, कारण मॅडमनी एक एक दार पुन्हा ठोठावलं. त्याला दोन वर्षं लागली. चिमी आता एकवीसची आहे, कोल्हापूरला शिकते. ते पत्र तिनं मागून घेतलं. वाचलं की नाही, ते मला सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

अकरा वर्षं झाली. दीपा अजून समोर आली की रस्त्याच्या मधे थांबते, मी जाईपर्यंत माझ्याकडं बघत राहते, आणि मी मान खाली घालून जाते. शालनला मी अजून माफ केलेलं नाही. दीपानं मला करावं असं म्हणायला मला तोंड नाही.